लढाईचें कर्ज कोणीं द्यावें व कोणीं फेडावें?

लढाई संपली म्हणजे तिचा हिशेबही संपला, असा सामान्य समज आहे. रणांगणावर कोण पडले, कोण जिंकले, कोणता मुलूख कोणाकडे गेला, हें इतिहासाच्या पुस्तकांत मोठ्या अक्षरांनीं छापलेलें असतें व शाळेंतील मुलें तें पाठही करतात. पण त्याच लढाईस पैसा कोठून आला, तो कोणत्या बोलीवर आला, आणि तोफा थंडावल्यावर तो कोणाच्या खिशांतून परत गेला, हें सांगणारें पान बहुधा कोणी उलटीत नाहीं. घरांतील लग्नाचा थाट चार दिवसांचा असतो आणि त्याचें कर्ज मात्र दोन पिढ्या पुरतें, हें आमच्या व्यापारी वाचकांस आम्हीं सांगावयास नको. राष्ट्रांच्या लढायांचीही गोष्ट तशीच आहे.

अलीकडे इतिहासाच्या कांहीं प्राध्यापकांनीं हें दुर्लक्षिलेलें पान वाचण्याचें काम हातीं घेतलें आहे, ही समाधानाची गोष्ट होय. अमेरिकेंतील प्राध्यापक डेव्हिड थॉमसन यांनीं १८६१ ते १८६५ या काळांतील अमेरिकन यादवी युद्धांत उत्तरेकडील सरकारनें विकलेल्या कर्जरोख्यांचा इतिहास एका स्वतंत्र ग्रंथांत मांडला असून तो २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर मोठी स्वारी केली व १ मार्च रोजीं युक्रेनच्या सरकारनें युद्धरोखे विक्रीस काढले. पुढें ते साध्या नागरिकास हातांतील मोबाइलवरूनही घेतां येऊं लागले. फिलाडेल्फियाच्या एका पेढीवाल्यानें दीडशें वर्षांपूर्वीं जी युक्ति काढली तीच नव्या साधनांनिशीं पुन्हां उपयोगांत आली. तेव्हां हा विषय केवळ जुन्या दप्तरांचा आहे असें कोणीं समजूं नये. लढाईचा पैसा ज्या रीतीनें उभा केला जातो, त्या रीतीवरच लढाईनंतरचें राज्य कोणाच्या ओंजळीनें पाणी पिणार हें ठरतें, असें आमचें मत आहे. आणि त्या मतास अमेरिकेच्या या इतिहासाइतका स्पष्ट पुरावा दुसरीकडे क्वचित् सांपडेल.

१८६१ च्या एप्रिलांत सम्टर किल्ल्यावर तोफा सुटल्या, तेव्हां अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारचा आर्थिक संसार आजच्या मनुष्यास नवल वाटावें इतका लहान होता. १८६० सालीं त्या सरकारच्या डोक्यावर अवघें साडेसहा कोटी डॉलरांचें कर्ज होतें. देशांत मध्यवर्ती बँक नव्हती. पूर्वीं होती तिची मध्यवर्ती सरकारनें दिलेली सनद १८३६ सालीं संपली व ती कोणीं वाढवून दिली नाहीं. निरनिराळ्या संस्थानांतील शेंकडों बँका आपापल्या नांवाच्या नोटा काढीत, आणि सरकारी खजिन्याचा व्यवहार मात्र सोन्यारुप्याच्या नाण्यावर चाले. अध्यक्ष लिंकन यांच्या मंत्रिमंडळांत खजिना ज्यांच्या हातीं होता, ते सॅमन चेस धंद्यानें वकील होते. त्यांनीं पहिल्याच उन्हाळ्यांत न्यूयॉर्क, बोस्टन व फिलाडेल्फिया येथील बँकांकडून पांच-पांच कोटींच्या तीन हप्त्यांनीं १५ कोटी डॉलर घेण्याचा करार केला आणि ही रक्कम नाण्यांत मोजून मागितली. बँकांच्या तिजोरींतील सोनें ओसरूं लागलें, लोकांस धास्ती पडली, आणि ३० डिसेंबर १८६१ रोजीं न्यूयॉर्कच्या बँकांनीं नोटेच्या बदल्यांत नाणें देण्याचें बंद केलें. पाठोपाठ सरकारचाही नाइलाज झाला. लढाईचें पहिलें वर्ष पुरें होण्यापूर्वींच खजिना असा रिता झाला होता; आणि लढाई संपली तेव्हां त्याच सरकारचें कर्ज सुमारें २७० कोटी डॉलरांवर, म्हणजे चाळीसपटींहून अधिक, गेलें होतें.

इतका पैसा उभा करण्यास कोणत्याही सरकारपुढें तीनच वाटा असतात. पहिली कराची: यांत लोकांच्या खिशांतून आज पैसा जातो व तो गेला हें त्यांस उघड दिसतें. दुसरी नोटा छापण्याची: हाही करच, पण तो बाजारभावाच्या रूपानें येतो व कोणी बसविला हें सांगतां येत नाहीं. तिसरी कर्जाची: यांत आज पैसा असणारा मनुष्य तो देतो व उद्यांचा करदाता तो व्याजासुद्धां फेडतो. उत्तरेकडील सरकारनें आपल्या युद्धखर्चाचा सुमारें पंचमांश करांतून, सुमारें दोन-तृतीयांश कर्जांतून व उरलेला नोटांतून भागविला. दक्षिणेकडील बंडखोर संस्थानांनीं निम्म्याहून अधिक खर्च नोटा छापून केला. दोन्ही पक्षांच्या पुढील दैवाचें बरेंचसें बीज या दोन वाक्यांत आहे.

नोटांचा कायदा उत्तरेंतही झाला. २५ फेब्रुवारी १८६२ च्या कायद्यानें १५ कोटी डॉलरांच्या सरकारी नोटा काढण्यास परवानगी मिळाली, व पुढील दोन कायद्यांनीं ही मर्यादा ४५ कोटींवर गेली. नोटांची पाठ हिरव्या रंगाची असल्यामुळें लोक त्यांस ग्रीनबॅक म्हणूं लागले. कोणाचेंही देणें या नोटेंत फेडतां येईल व घेणेकऱ्यास ती नाकारतां येणार नाहीं, असें कायद्यांत स्पष्ट लिहिलें होतें. पण वकिली करणारा मनुष्य कायदा वाचतांना प्रथम अपवाद शोधतो. येथें अपवाद दोन होते: परदेशी मालावरील जकात व सरकारी कर्जाचें व्याज. जकात व्यापाऱ्यानें नाण्यांत भरावयाची, आणि त्याच नाण्यांतून सरकारनें रोखेवाल्यास व्याज द्यावयाचें. म्हणजे एका कायद्यानें देशांत दोन प्रकारचे पैसे व दोन प्रकारचे घेणेकरी निर्माण केले. साध्या शिपायास महिना १३ डॉलर मिळत, ते कागदाचे. रोखेवाल्यास सहामाही व्याज मिळे, तें सोन्याचें. १८६४ च्या जुलैंत सोन्याच्या शंभर डॉलरांस सुमारें २८५ कागदी डॉलर पडूं लागले, तेव्हां सरकारनें नुकताच १६ डॉलरांवर नेलेला शिपायाचा पगार साडेपांच-सहा सोन्याच्या डॉलरांच्या किंमतीचा उरला. काळ्या शिपायांची स्थिति तर याहून कठीण होती. त्यांस प्रथम १० डॉलर ठरवून त्यांतूनही ३ डॉलर कपड्यांपोटीं कापून घेत. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीच्या शिपायांनीं असा हिणकस पगार घेण्याचें नाकारलें, व १८६४ च्या जूनमध्यें कायदा झाला तेव्हां कोठें हा भेद मिटला.

याच फेब्रुवारीच्या कायद्यानें ५० कोटी डॉलरांचे शेंकडा सहा व्याजाचे रोखे काढण्याचाही अधिकार दिला होता. ते पांच वर्षांनंतर केव्हांही फेडण्याची सरकारास मुभा व वीस वर्षांत फेडण्याचें बंधन असल्यामुळें त्यांस 'पांच-वीस' असें नांव पडलें. आरंभीं ते खपेनात. तेव्हां चेस यांनीं १८६२ च्या ऑक्टोबरांत फिलाडेल्फियाचे पेढीवाले जे कूक यांस मुख्य अडत्ये नेमलें. कूक यांनीं मोठ्या सावकारांच्या दारीं खेटे घालण्याऐवजीं निराळीच वाट धरली. त्यांनीं गांवोगांवीं सुमारें अडीच हजार पोटअडत्ये नेमले. बँकवाले, विमेवाले, दुकानदार, पोस्टमास्तर, ज्याच्या शब्दास आपल्या आळींत मान आहे असा मनुष्य त्यांस चाले. लहानांत लहान रोखा ५० डॉलरांचा होता. वर्तमानपत्रांतून जाहिराती दिल्या, आणि जाहिरातीबरोबर संपादकांकडून अनुकूल मजकूरही मिळविला. हें आम्ही आमच्या धंद्याच्या अभिमानानें लिहीत नाहीं. १८६४ च्या जानेवारीपर्यंत 'पांच-वीस' रोख्यांचा संपूर्ण ढीग संपला. १८६५ च्या आरंभीं कूक यांस पुन्हां बोलावणें आलें. या वेळचे रोखे तीन वर्षांच्या मुदतीचे व शेंकडा ७ डॉलर ३० सेंट व्याजाचे होते. हा चमत्कारिक दर ठेवण्याची खुबी अशी कीं, ५० डॉलरांच्या रोख्यावर रोजचें व्याज बरोबर एक सेंट होई. व्याजाचें कोष्टक न येणाऱ्या मजुरासही हा हिशेब बोटावर करतां येई. कामगारांस दिवसा सवड नसते म्हणून रात्रीं उघडीं राहणारीं विक्रीचीं ठिकाणेंही काढलीं. अवघ्या सहा महिन्यांत साठ कोटी डॉलरांहून अधिक किंमतीचे रोखे खपले.

यांत देशभक्ति किती व व्यापार किती, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. आमच्या मतें दोन्ही होतीं, आणि दोन्ही एकत्र बांधण्यांतच कूक यांचें कसब होतें. एक हिशेब पहा. सोन्याच्या मानानें कागदी डॉलराची किंमत दोन-तृतीयांशांवर आली असतां ज्यानें शंभर कागदी डॉलर देऊन 'पांच-वीस' घेतला, त्यानें वस्तुतः सोन्याचे सुमारें ६६ डॉलर दिले. आणि व्याज घेतलें सोन्याचे ६ डॉलर. म्हणजे कागदावर सहा टक्के असलेला दर प्रत्यक्षांत नऊ टक्के झाला. धोका नव्हता असें नाहीं. उत्तरेचा पराभव होता तर रोख्याची रद्दी झाली असती, आणि १८६४ च्या उन्हाळ्यांत ती भीति खरोखरच होती. धोका घेणारास नफा मिळूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यानें अंगावर गोळी झेलण्याचा धोका घेतला, त्याला मात्र कागदच मिळाला, हें विसरतां येत नाहीं.

याच काळांत सरकारनें भांडवलाच्या व्यवहाराची सारी चौकटच नवी बसविली. १८६३ व १८६४ च्या कायद्यांनीं राष्ट्रीय बँका निघाल्या. अशा बँकेस नोटा काढावयाच्या तर प्रथम सरकारी रोखे विकत घेऊन ते सरकारच्या खजिन्यांत तारण ठेवावे लागत. १८६५ सालीं संस्थानी बँकांच्या नोटांवर शेंकडा दहा कर बसविला, तेव्हां त्या नोटा चलनांतून उठल्या. लढाईपूर्वीं देशांत शेंकडों प्रकारच्या नोटा होत्या. लढाईनंतर देशभर एका छापाच्या नोटा चालूं लागल्या, आणि त्या नोटांचा पाया म्हणजे लढाईचें कर्ज! ज्या मनुष्यानें जन्मांत सरकारी रोखा पाहिला नव्हता तो आतां रोखेबाजाराचा भाव विचारूं लागला. रोखे जर्मनी व हॉलंडपर्यंत गेले. लंडनच्या सावकारांनीं नाक मुरडलें तरी फ्रँकफुर्टच्या बाजारानें ते उचलले. भांडवलशाही ही व्यापाऱ्यांनीं सरकारच्या हस्तक्षेपावांचून आपोआप उभी केलेली इमारत आहे, असें जे सांगतात, त्यांनीं हा इतिहास अवश्य वाचावा. अमेरिकेंतील भांडवलाचा तो अजस्र वाडा सरकारच्या लढाईच्या कर्जाच्या जोत्यावर उभा राहिला आहे.

आतां दक्षिणेकडे वळूं. तेथील धनिकांची संपत्ति जमीन, कापूस व गुलाम या तीन रूपांत होती, आणि राज्यही त्यांचेंच होतें. आपल्या मालमत्तेवर आपणच जबर कर बसविण्याची त्यांची तयारी नव्हती. म्हणून आरंभापासून छापखाना चालूं लागला. व्यापक कर बसला तो उशिरां, १८६३ च्या एप्रिलांत. त्यांतही शेतकऱ्याच्या पिकाचा दशांश वस्तुरूपानें उचलण्याची तरतूद होती, व तिचा जाच लहान शेतकऱ्यासच अधिक झाला. त्याच वर्षीं पॅरिसच्या अर्लांजे पेढीमार्फत ३० लाख पौंडांचें कर्ज युरोपांत काढलें. शेंकडा सात व्याज, आणि शिवाय रोखा देऊन सहा पेन्स रत्तल या दरानें कापूस घेण्याचा हक्क, अशी लालूच होती. पण कापूस बंदरांत अडकलेला व बंदरांसमोर उत्तरेचें आरमार उभें, मग हक्क घेऊन काय करावयाचें? लढाई संपेपर्यंत दक्षिणेंतील भाव मूळच्या सुमारें नव्वदपट झाले होते. ज्या राज्यांतील श्रीमंत कर देत नाहींत, त्या राज्याची नोट अखेर गरिबाच्या गळ्यांत अडकते, याचें यापरतें दुसरें उदाहरण नको.

लढाई संपल्यावर उत्तरेंत जें प्रकरण उद्भवलें तें आमच्या दृष्टीनें सर्वांत बोधप्रद आहे. 'पांच-वीस' रोख्यांचें व्याज नाण्यांत द्यावें असें १८६२ च्या कायद्यांत होतें. मुद्दल कशांत द्यावें याविषयीं कायदा मुग्ध होता. कूक यांच्या जाहिरातींत मात्र मुद्दलही सोन्यांत मिळेल अशी ग्वाही होती. ओहायो संस्थानचे जॉर्ज पेंडल्टन यांनीं १८६७-६८ च्या सुमारास असा पक्ष मांडला कीं, शिपायानें कागद घेतला, शेतकऱ्यानें कागद घेतला, रोखेवाल्यानेंही दिला तो कागदच. मग मुद्दलाची फेड कागदांत कां नको? उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, सरकारनें आपल्या अडत्याच्या तोंडून शब्द दिला, त्यावर विसंबून लोकांनीं पैसा दिला, आतां कायद्यांतील मौनाचा आश्रय घेणें म्हणजे राष्ट्राची पत बुडविणें होय. १८६८ च्या निवडणुकींत या वादानें बरीच धूळ उडाली, व १८ मार्च १८६९ रोजीं नव्या अध्यक्षांनीं, म्हणजे ग्रँट यांनीं, रोख्यांची फेड नाण्यांत करण्याचें अभिवचन देणाऱ्या कायद्यावर सही केली.

कायद्याच्या दृष्टीनें आम्हांस विचाराल तर दिलेला शब्द पाळणेंच योग्य होतें. राष्ट्राची पत एकदां गेली म्हणजे पुढील संकटांत तिचा उपयोग होत नाहीं. परंतु न्यायाच्या दृष्टीनें एवढ्यानें काम भागत नाहीं. शब्द पाळण्याचा खर्च कोणावर पडला? १८६२ सालीं बसलेला व १८६४ सालीं शेंकडा पांच ते दहापर्यंत वाढविलेला प्राप्तीवरील कर १८७२ सालीं पार उठविण्यात आला. जकात व दारू-तंबाखूवरील कर मात्र राहिले. म्हणजे श्रीमंताच्या प्राप्तीवरील ओझें उतरलें, आणि रोख्याचें सोनेरी व्याज कापड, साखर व तंबाखू विकत घेणाऱ्या साध्या संसारी मनुष्याच्या पैशांतून जाऊं लागलें. 'पांच-वीस' व 'सात-तीस' रोखे घेणारांत लहान माणसें पुष्कळ होतीं हें खरें. पण संख्या लहानांची आणि मोठी रक्कम बँकांची व धनिकांची, हेंही तितकेंच खरें आहे. शब्द पाळावा, पण तो पाळण्याचें ओझें ज्याच्या पाठीस बळ आहे त्याच्या पाठीवर ठेवावें, हा सुधारलेल्या राज्यनीतीचा पहिला धडा होय. अमेरिकेनें त्यांतील अर्धाच गिरविला.

न्यायमंदिरांतील कथा तर अधिकच मौजेची आहे. ज्या चेस यांच्या कारकीर्दींत नोटांचा कायदा झाला, तेच पुढें सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. आणि १८७० च्या फेब्रुवारींत कायद्यापूर्वींच्या देण्यांपुरता तो कायदा राज्यघटनेविरुद्ध असल्याचा निर्णय त्यांनींच दिला! पुढच्याच वर्षीं, दोन नवे न्यायाधीश आल्यावर, तो निर्णय पांच विरुद्ध चार मतांनीं फिरला. मंत्र्याच्या खुर्चींतून गरज दिसते आणि न्यायासनावरून तत्त्व दिसतें, एवढाच याचा अर्थ. १८६८ सालीं राज्यघटनेची १४ वी दुरुस्ती मंजूर झाली. तिच्या चौथ्या कलमानें राष्ट्राचें कर्ज वादातीत ठरविलें, बंडखोरांचें कर्ज बेकायदेशीर व रद्द ठरविलें, आणि गुलाम सुटल्याबद्दल मालकांस कोणतीही भरपाई मिळणार नाहीं असें बजाविलें. हें कलम आम्हांस फार मोलाचें वाटतें. अन्यायासाठीं काढलेलें कर्ज पुढील पिढ्यांनीं फेडण्याचें कारण नाहीं, असें एका मोठ्या राष्ट्रानें आपल्या घटनेंतच लिहून ठेविलें. परंतु चाळीस लाख मुक्त गुलामांस त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमांबद्दल काय मिळालें, याविषयीं त्या कलमांत अक्षर नाहीं.

त्यांस काय मिळालें तें पुढील प्रकारावरून दिसतें. मुक्त झालेल्या काळ्या लोकांनीं, विशेषतः शिपायांनीं, आपली बचत ठेवावी म्हणून १८६५ च्या मार्चमध्यें एका बचत बँकेस कायद्यानें सनद दिली. आरंभीं तिच्या ठेवी सरकारी रोख्यांत गुंतविण्याचें बंधन होतें. १८७० सालीं तें सैल केलें गेलें. बँकेच्या अर्थसमितीचे प्रमुख होते हेन्री कूक, म्हणजे जे कूक यांचे बंधु. आणि बँकेचा पैसा जे कूक यांच्या पेढीकडेही वळला. ती पेढी तेव्हां नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या रोख्यांत गळ्यापर्यंत बुडालेली होती. लढाईंतील यशाच्या बळावर रेल्वेचे रोखेही तसेच खपतील हा तिचा हिशेब चुकला. १८ सप्टेंबर १८७३ रोजीं पेढीचे दरवाजे बंद झाले, न्यूयॉर्कचा शेअरबाजार दहा दिवस बंद राहिला, आणि देशावर वर्षानुवर्षांची मंदी आली. १८७४ च्या जूनमध्यें ती बचत बँकही बुडाली. सुमारें ६१ हजार ठेवीदारांची जवळजवळ ३० लाख डॉलरांची पुंजी तींत अडकली. राष्ट्राच्या मोठ्या घेणेकऱ्यांस सोनें मिळावें म्हणून कायदा झाला. राष्ट्रासाठीं लढलेल्या या लहान घेणेकऱ्यांची पुंजी बुडूं नये म्हणून वेळेवर कोणीही पुढें आला नाहीं.

या दूरच्या लढाईची झळ आमच्या प्रांतासही लागली, हें मुंबईच्या व्यापाऱ्यांनीं आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडून ऐकलें असेल. लँकेशायरच्या गिरण्यांस तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेंतून येत असे. तो बंद पडतांच मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. वऱ्हाड, खानदेश व गुजराथचा माल मुंबईंत येऊन पडे आणि विलायतेंतून पैशाचा ओघ येई. १८६१ ते १८६५ या काळांत मुंबईस सात कोटी पौंडांहून अधिक जादा पैसा मिळाला, असा पुढें अंदाज करण्यांत आला. या पैशाचें काय झालें? प्रेमचंद रायचंद यांच्या भोंवतीं बँका, फायनान्स कंपन्या व समुद्र भरून काढण्याच्या कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० रुपयांच्या घरांत गेला. १८६५ च्या वसंतांत अमेरिकेंतील दक्षिणेनें शस्त्र ठेविलें, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशीं मुंबईच्या बाजारांत ज्यानें देणें चुकतें केलें असा मनुष्य शोधून काढावा लागला. बाँबे बँक त्यानंतर थोड्याच वर्षांत मोडीत निघाली. लढाईचा पैसा हा आला तसा जातो. तो भांडवल नव्हे, हें मुंबईनें तेव्हां फार महाग विकत घेतलें.

खेड्यांची किंमत निराळी होती. कापसाच्या तेजींत सावकारांनीं कुळांस सढळ हातानें पैसा दिला. तेजी ओसरली तेव्हां हात आंखडला, आणि सरकारनें त्याच सुमारास सारा वाढविला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुळांनीं सावकारांच्या वह्या व रोखे बाजारांत ओढून जाळले, व ती आग अहमदनगर जिल्ह्यापर्यंत पसरली. या दंग्यांचीं कारणें अनेक होतीं, व वाढलेला सारा हें त्यांत मोठें होतें. तथापि कापसाच्या तेजीमंदीचा धागाही त्यांत आहे. वॉशिंग्टन येथें रोखेवाल्यांचा शब्द कायदा करून पाळला गेला. सुपें येथें ज्यांस कायद्यानें दाद मिळेना त्यांनीं रोखाच पेटवून दिला. कर्जाचा कागद टिकतो तो त्यामागील न्यायावर टिकतो, हेंच दोन्ही ठिकाणीं दिसलें.

अमेरिकेच्या इतिहासांत दोष दाखवितांना एक गोष्ट मात्र आम्ही विसरत नाहीं. तेथें कर, नोटा व कर्ज हीं तिन्ही लोकांनीं निवडलेल्या सभेनें मंजूर केलीं होतीं. आणि ऐन लढाईंत, १८६४ सालीं, त्या राष्ट्रानें अध्यक्षाची निवडणूकही घेतली. आमच्याकडे काय घडलें? १९१७ सालीं हिंदुस्थान सरकारनें ब्रिटनच्या लढाईस दहा कोटी पौंडांची 'देणगी' दिली. देणाऱ्या प्रजेस ती नाकारण्याचा अधिकारच नव्हता. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनसाठीं येथें माल घेतला गेला, त्याचा पैसा लंडनमध्यें आमच्या नांवें स्टर्लिंगमध्यें जमा झाला, आणि त्या तारणावर येथें नोटा छापल्या गेल्या. लढाईअखेर ही स्टर्लिंगची शिल्लक सुमारें १३० कोटी पौंडांवर गेली होती. कागदावर आम्ही सावकार झालों होतों! पण त्या सावकारीची किंमत भाववाढीच्या रूपानें गरिबांनीं दिली, आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत लाखों माणसें मेलीं, त्यास ही भाववाढही मोठें कारण झाली. संमति न घेतां काढलेलें कर्ज व संमति न घेतां छापलेली नोट, यांत आणि लुटींत फरक फार थोडा असतो.

आज आमचें सरकार आमचें आहे, व संमति देण्याचा आणि नाकारण्याचा अधिकारही आमचा आहे. पण अधिकार वापरण्यास समज लागते. म्हणून आमच्या वाचकांस आमची सूचना अशी कीं, कोणत्याही देशांत युद्धाचें किंवा युद्धाच्या तयारीचें कर्ज निघालें म्हणजे तीन प्रश्न विचारावे. पैसा कोणीं दिला? त्यास फेड कोणत्या नाण्यांत मिळणार, व शिपायास पगार कोणत्या नाण्यांत? आणि व्याज ज्या करांतून जाणार तो कर श्रीमंताच्या प्राप्तीवर आहे कीं गरिबाच्या मिठामिरचीवर? या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्या सरकारास उघडपणें देतां येतात, त्याला कर्ज द्यावें. तें देशाचें काम आहे. ज्याला देतां येत नाहींत, त्याच्या पडघमांनीं भुलून जाऊं नये.

प्राध्यापकांनीं जुनीं दप्तरें चाळून कोणत्या गांवच्या दुकानदारानें किती रोखे विकले व कोणत्या शहरांतील बँकेनें किती घेतले हें शोधावें, हा कांहींस रिकामपणाचा उद्योग वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. व्यापारी रोज रात्रीं खतावणी पाहिल्याशिवाय दुकानाची फळी लावीत नाहीं. राष्ट्राची खतावणी पाहणारा मनुष्य म्हणजे इतिहासकार होय. आमच्याकडेही १८६५ च्या मुंबईची, १९१७ च्या देणगीची व १९४३ च्या नोटांची खतावणी सामान्य वाचकास समजेल अशा भाषेंत मराठींत लिहिणारे विद्वान् पुढें यावेत, आणि त्यांस आमच्या पेढीवाल्यांनीं आपलीं जुनीं चोपडीं वाळवीस न देतां खुलीं करून द्यावींत, एवढीच आमची विनंति आहे.